६९१ : फोन लागला, पण आत घेतलं नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लेखी देतोय. बोलताना मध्ये मध्ये आलेलं ‘अं... काय म्हणतो मी’ तेवढं काढलंय, बाकी बोलणं बोलल्यासारखंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून आलाय. इचलकरंजीहून त्यांनी विचारलं होतं, “घरी केबलवाल्याचं इंटरनेट आहे, वायर थेट कॉम्प्युटरला लावलीय. लाईट जाऊन आली की कधीकधी ‘एरर ६९१’ येतो, युजरनेम-पासवर्ड चुकीचा म्हणतो. मी तर पासवर्डला हातही लावलेला नाही. दहा मिनिटांनी आपोआप चालू होतं. हे काय गौडबंगाल आहे?”

उत्तर दोन वाक्यांतही देता येईल. पण हा ६९१ मुळात डायल-अपच्या जमान्यातला आकडा आहे. फायबरच्या काळात तो तुमच्या स्क्रीनवर का येतो, हे समजून घ्यायचं तर डायल-अप कनेक्शन आतून कसं चालायचं ते बघायला पाहिजे. आणि त्यासाठी आपल्याला कोल्हापूर जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

वारणेची सत्तर गावं

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, तेही फक्त मोठ्या शहरांत. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरात एक प्रयोग सुरू झाला, ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायची, असा तो प्रकल्प. खर्च साधारण अडीच कोटी रुपये. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह अशी तिघांची भागीदारी, आणि तांत्रिक बाजूला एनआयसी.

वारणाच का? कारण तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना तिथं होता. कारखाना आला की माहितीची ये-जा आलीच. उसाची नोंद, तोडीचा परवाना, काटा पावती, बिल. हे सगळं कागदावर चालायचं. शेतकऱ्याला आपला ऊस किती भरला, बिल जमा झालं का, हे विचारायला कारखान्यावर नाहीतर गट ऑफिसला चकरा माराव्या लागायच्या. गावातच केंद्र असेल, तिथं कॉम्प्युटर असेल आणि तो फोनच्या लाईनवरून वारणानगरच्या मुख्य यंत्रणेशी बोलत असेल, तर ती चक्कर वाचणार होती.

आता अशी यंत्रणा आपणच लिहायला घेतलीय असं समजू. गावात एक पीसी, एक मोडेम, एक फोन लाईन. पलीकडं सर्व्हर, त्याला मोजक्या लाईनी. प्रोग्रॅमनं काय काय करायचं?

आधी फोन, मग ओळख, मग पत्ता

लोकांना वाटतं की डायल-अप म्हणजे मोडेम किर्र-किर्र करतो आणि इंटरनेट चालू होतं. प्रत्यक्षात त्यात चार वेगवेगळे टप्पे आहेत.

पहिला टप्पा निव्वळ टेलिफोनचा. प्रोग्रॅम मोडेमला ‘एटी’नं सुरू होणाऱ्या आज्ञा देतो. ‘एटीझेड’ म्हणजे रीसेट हो. ‘एटीडीटी’ आणि पुढं नंबर, म्हणजे टोन वापरून हा नंबर फिरव. मोडेम उत्तर देतो, ‘कनेक्ट’, ‘बिझी’, ‘नो डायलटोन’ किंवा ‘नो कॅरियर’. तो किर्र आवाज म्हणजे दोन मोडेम आपसात ठरवत असतात की या लाईनीची तब्येत बघता किती वेगानं बोलायचं. या टप्प्यावर तुम्ही कोण आहात याच्याशी कुणालाच देणंघेणं नाही. रॉंग नंबर लागला तरी फोन हा लागतोच.

दुसरा टप्पा पीपीपीचा, म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल. १९९४ च्या आरएफसी १६६१ मध्ये तो लिहिलेला आहे. दोन्ही बाजू आधी लाईनचे नियम ठरवतात. पॅकेट केवढं मोठं, आणि मुख्य म्हणजे ओळख कशी पटवायची. याला एलसीपी म्हणतात.

तिसरा टप्पा ऑथेंटिकेशन, ओळख पटवणं. ६९१ हा आकडा इथला आहे. फोन लागलाय, लाईन चांगली आहे, पलीकडचा माणूस बोलतोय, पण तो म्हणतोय, “तुम्हाला आत घेत नाही.”

चौथा टप्पा आयपीसीपी. ओळख पटली की सर्व्हर तुम्हाला आयपी पत्ता देतो. यानंतर कुठं तुमचा ब्राउझर किंवा उसाच्या पावत्या पाठवणारा प्रोग्रॅम काम करू शकतो.

हा क्रम लक्षात ठेवला की एरर वाचता येतात. विंडोजमध्ये ६८० म्हणजे डायलटोनच नाही, वायर बघा. ६७६ म्हणजे लाईन बिझी. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. आणि ६९१ म्हणजे बाकी सगळं झालं, ओळख नाकारली.

रासडायल : वरून सोपं, खालून किचकट

विंडोजमध्ये हे सगळं करायला रिमोट ॲक्सेस सर्व्हिस नावाची सोय आहे, थोडक्यात ‘रास’. मुख्य फंक्शन ‘रासडायल’. त्याला एक स्ट्रक्चर द्यायचं, ज्यात फोनबुकमधल्या नोंदीचं नाव, नंबर, युजरनेम, पासवर्ड, डोमेन आणि कॉलबॅक नंबर असतो. हे फंक्शन दोन तऱ्हेनं चालतं. नोटिफायर दिला नाही, तर कनेक्शन होईपर्यंत किंवा फसेपर्यंत प्रोग्रॅम तिथंच अडकून बसतो. नोटिफायर दिला, तर फंक्शन लगेच परत येतं आणि मग एकेक टप्पा कळवला जातो, पोर्ट उघडला, डिव्हाइस जोडलं, ऑथेंटिकेट चालू, कनेक्टेड.

खरी गंमत फोन ठेवताना आहे. ‘रासहँगअप’ बोलावलं आणि लगेच प्रोग्रॅम बंद केला, तर पोर्ट अर्धवट अवस्थेत लटकू शकतो. मग पुढच्या वेळी ६३३ येतो, म्हणजे पोर्ट आधीच वापरात आहे. म्हणून मायक्रोसॉफ्टचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की हँगअप केल्यावर ‘रासगेटकनेक्टस्टेटस’ला परत परत विचारत राहा, जोपर्यंत तो ‘असलं हँडल मला माहीत नाही’ म्हणत नाही तोपर्यंत. आणि रासडायल फसलं तरी त्यानं हँडल दिलेलं असेल, तर ते सोडायची जबाबदारी तुमची. पाहुणा दारातून परत गेला तरी कडी आपणच लावायची, तसं.

दुसरी गोष्ट पुन्हा प्रयत्न करण्याची. समजा सत्तर गावं आहेत आणि सर्व्हरला आठ लाईनी. सगळ्यांनी संध्याकाळी सहाला डायल केलं, तर आठ आत, बासष्ट बिझी. प्रत्येकाचं काम पाच मिनिटांचं धरलं तर नऊ फेऱ्या, म्हणजे पाऊण तास. हे चालण्यासारखं आहे. पण बासष्टच्या बासष्ट प्रोग्रॅम बरोबर तीस सेकंदांनी पुन्हा डायल करत बसले, तर दर वेळी गर्दी एकदमच होणार. म्हणून थांबायची वेळ दर वेळी वाढवायची आणि तिच्यात थोडी यदृच्छा मिसळायची. कुणी सदतीस सेकंद, कुणी बावन्न.

आणि बिझीला जो नियम, तो ६९१ ला नाही. लाईन बिझी असेल तर पुन्हा प्रयत्न करणं शहाणपणाचं आहे. ओळख नाकारली असेल तर तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा देण्यात अर्थ नाही. उलट चार-पाच वेळा चुकला म्हणून खातंच लॉक होईल. कोणत्या चुकीवर थांबायचं आणि कोणत्या चुकीवर पुन्हा प्रयत्न करायचा, हे वेगळं न करणारा कोड आजही मला दर आठवड्याला दिसतो. एपीआय असो की पेमेंट गेटवे, भानगड तीच.

तिसरी गोष्ट, लाईन मध्येच तुटली तर? दोनशे पावत्या पाठवल्या, एकशे चाळीसाव्यावर कडाडलं आणि फोन कट. एकशे चाळिसावी पोचली की नाही? परत पाठवली तर त्या शेतकऱ्याच्या नावावर दोन खेपा चढतील, नाही पाठवली तर एक खेप गायब. उपाय जुनाच आहे. प्रत्येक पावतीला स्वतःचा नंबर, आणि सर्व्हरनं तो नंबर आधी आला असेल तर ‘मिळालं’ एवढंच सांगायचं, पुन्हा जमा करायचं नाही. काटा पावतीवर छापलेला नंबर इथं कामाला येतो.

वॉचमनला पासवर्ड कसा सांगायचा?

आता ओळखीकडं येऊ. जुन्या पीपीपीमध्ये मुख्य दोन पद्धती होत्या, पॅप आणि चॅप.

पॅप म्हणजे गेटवर जाऊन वॉचमनला मोठ्यानं नाव आणि परवलीचा शब्द सांगणं. शेजारी कुणी उभा असेल तर त्यालाही कळला. फोनच्या तारेवर पासवर्ड जसाच्या तसा जातो.

चॅपमध्ये वॉचमन दर वेळी एक नवीन आकडा देतो. तुम्ही तो आकडा आणि तुमचा गुप्त शब्द एकत्र करून एमडी५ च्या चरकातून काढता आणि फक्त चोथा परत देता. चोथ्यावरून ऊस कुणाच्या रानातला ते कळत नाही. वॉचमनकडंही तोच गुप्त शब्द आहे, तो स्वतः चरक फिरवून जुळतंय का बघतो. उद्या आकडा वेगळा, म्हणून आजचं उत्तर चोरून उपयोग नाही. शिवाय सर्व्हर कनेक्शन चालू असतानाही मध्येच पुन्हा विचारू शकतो. याचा आरएफसी नंबर १९९४, तो आला मात्र १९९६ साली.

चॅपची एक किंमत आहे. वॉचमनला चरक फिरवायचा असेल तर त्याच्याकडं मूळ शब्द पाहिजे. म्हणजे सर्व्हरवर पासवर्ड एकेरी हॅश करून ठेवता येत नाही, परत उलगडता येईल असाच ठेवावा लागतो. तारेवर सुरक्षित, तर गोदामात नाजूक. पॅपमध्ये नेमकं उलटं. सुरक्षा फुकट मिळत नाही, ती एकीकडून दुसरीकडं सरकते, हे मला चॅपनं जितकं स्पष्ट शिकवलं तितकं कॉलेजातल्या पुस्तकानं नाही शिकवलं.

गेट अनेक असतील तर प्रत्येक वॉचमनकडं यादी देणं शक्य नाही. म्हणून रेडियस आलं. लिव्हिंग्स्टन नावाच्या कंपनीनं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बनवलं, पुढं २००० साली आरएफसी २८६५ झालं. वॉचमन स्वतः निर्णय घेत नाही, ऑफिसात मध्यवर्ती नोंदवही असते तिथं विचारतो. ऑफिस तीन कामं करतं. हा कोण, याला काय करायची मुभा, आणि हा कधी आला, कधी गेला, कुठल्या नंबरवरून आला.

तिसऱ्या कामाला अकाउंटिंग म्हणतात आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडं होतं. ते का महत्त्वाचं आहे, हे मला एका जुन्या कोडवरून कळलं.

एकच नाव, अनेक हात

माझ्या पहिल्या नोकरीत एका क्लायंटचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर आणायचं काम होतं. क्लायंटचं नाव घेत नाही. त्यांची पाच-सहा ठिकाणी वजनकाट्याची केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्र रात्री मुख्य ऑफिसला आकडे पाठवायचं. कोड व्हिज्युअल बेसिक ६ मधला, मूळचा डायल-अपसाठी लिहिलेला. मोडेम जाऊन जमाना झाला होता, पण रासडायलनं व्हीपीएनसुद्धा जोडता येतं. त्यामुळे फोनबुकमधली नोंद बदलून तोच कोड चालू ठेवला होता.

सगळी केंद्रं एकाच युजरनेमनं आत यायची. पासवर्ड एका आयएनआय फाईलमध्ये, उघडा. केंद्रावर आलेला कुणीही ती फाईल नोटपॅडमध्ये उघडू शकत होता.

तिथल्या हिशेब विभागातल्या एका काकांनी मला मागची गोष्ट सांगितली. माझ्या आधी काही वर्षांपूर्वी एका रात्री काही वजनं बदलली गेली होती. सकाळी कागदी पावती आणि कॉम्प्युटर जुळेना. लॉग काढला तर त्यात एकच नाव, जे सगळ्यांचं होतं. त्या रात्री ज्या केंद्रावर माणूस ड्यूटीला होता, त्याच्यावर बोट दाखवलं गेलं. त्यानं केलं असं सिद्ध झालं नाही, आणि नाही केलं असंही सिद्ध करता आलं नाही. “पोरगं दोन महिन्यांत काम सोडून गेलं बघा,” काका म्हणाले. “गावात तोंड दाखवायची पंचाईत झाली त्याची.”

ऑथेंटिकेशन चोराला बाहेर ठेवण्यासाठी असतं असं आपण शिकतो. पण ज्यानं काही केलेलं नाही त्याला ‘मी नव्हतो’ म्हणताना मागं काहीतरी कागद असावा, हेही त्याचंच काम आहे. प्रत्येकाचं वेगळं खातं असतं, कुठून कनेक्शन आलं याची नोंद असती, तर त्या रात्रीचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता, या बाजूनं किंवा त्या बाजूनं. नवीन सिस्टीममध्ये आम्ही केंद्राची ओळख आणि माणसाची ओळख वेगळी केली. लाईन जोडताना मशीनचं प्रमाणपत्र, पावती नोंदवताना माणसाचा स्वतःचा लॉगिन, आणि बदललेल्या आकड्याच्या शेजारी जुना आकडा तसाच ठेवायचा. कामाला लागणारा वेळ वाढला. क्लायंटची कुरकुर झाली. काका मात्र एकदाही कुरकुरले नाहीत.

वारणेसारख्या केंद्रातही हा फरक मुळातच होता. लाईन ओळखते ती गावच्या केंद्राला. समोर बसलेला ऑपरेटर वेगळा, आणि ज्याच्या उसाची चौकशी चाललीय तो शेतकरी तिसराच. पीपीपीचा पासवर्ड पहिल्याच दारापुरता आहे. पुढच्या दोन दारांची कुलुपं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच लावायची असतात.

मग पीसी गेले, एसएमएस आला

वारणेची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या गटानं तिथला वापर बारकाईनं पाहिला. केंद्रांवरचे पीसी मुख्यतः उसाच्या थोड्याशा माहितीची देवघेव करत होते, बाकी इंटरनेटचा फारसा वापर नव्हता. मग त्यांनी सात गावांत पीसीच्या जागी मोबाईल आणि एसएमएस वापरून बघितलं. आठ महिन्यांच्या त्या प्रयोगात एसएमएसनं पीसीचं काम निभावलं. प्रयोगाचं नाव ‘वारणा अनवायर्ड’.

आकडेमोड केली तर नवल वाटत नाही. एक पावती दोनशे बाईट धरा, तीनशे पावत्या म्हणजे साठ हजार बाईट. ३३.६ केबीपीएसच्या मोडेमवर हे पंधरा-वीस सेकंदांचं काम. फोन लागून ओळख पटायलाच कधीकधी त्याहून जास्त वेळ जायचा. एका एसएमएसमध्ये १४० बाईट मावतात. एका शेतकऱ्याचं वजन आणि तारीख त्यात आरामात बसते. आणि एसएमएसमध्ये लाईन जोडायची, ओळख पटवायची भानगड सिमकार्ड आणि मोबाईल कंपनी परस्पर उरकते. अर्थात, सिम ओळखलं म्हणजे माणूस ओळखला असं नाही, तिसरं दार इथंही आहेच.

इचलकरंजीच्या प्रश्नाचं उत्तर

आता मूळ प्रश्न. तुमच्या केबलवाल्याचं कनेक्शन बहुधा पीपीपीओई आहे, म्हणजे १९९९ च्या आरएफसी २५१६ नुसार तीच पीपीपी, फक्त टेलिफोनऐवजी इथरनेटच्या वायरवर. मोडेमचा किर्र आवाज गेला, पहिला टप्पा बदलला. एलसीपी, पॅप-चॅप, मागं रेडियस, आयपीसीपी हे सगळं जागच्या जागी आहे.

लाईट गेली तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरनं ‘निघतो’ असं सांगितलंच नाही. सर्व्हरच्या वहीत तुम्ही अजून आतच आहात. बऱ्याच कंपन्या एका खात्याला एकाच वेळी एकच कनेक्शन देतात. लाईट आली, तुम्ही पुन्हा दार वाजवलं, रेडियस म्हणालं, ‘हा तर आत बसलाय, मग हा दुसरा कोण?’ आणि नकार दिला. रेडियसचा नकार कुठल्याही कारणानं असो, विंडोजला तो ओळख नाकारल्यासारखाच दिसतो, म्हणून ६९१. दहा मिनिटांत सर्व्हरला कळतं की जुन्या कनेक्शनकडून काही उत्तर येत नाही, ती नोंद मिटते आणि तुम्ही आत. पासवर्ड निर्दोष होता.

तेव्हा ६९१ आला की पासवर्ड बदलायच्या आधी तीन गोष्टी बघा. रिचार्ज संपलंय का, जुनं सेशन अडकलंय का, आणि कॉम्प्युटर किंवा राउटर बदलला असेल तर कंपनीनं जुन्याचाच मॅक ॲड्रेस बांधून ठेवलाय का. पाच-दहा मिनिटं थांबून एकदाच प्रयत्न करा, सारखं क्लिक करत बसू नका. तरी नाही झालं तर केबलवाल्याला फोन करून ‘नेट बंद आहे’ असं सांगू नका, ‘माझं जुनं सेशन क्लिअर करा’ असं सांगा. तोही जरा सावरून बसेल.

जे हा कोड लिहितात त्यांच्यासाठी एक शेवटची सूचना. पॅप-चॅप-रेडियस ही जुनी मंडळी आहेत, त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका. एमएस-चॅपची दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये एका डीईएस किल्लीइतकी कमकुवत असल्याचं दाखवलं गेलं. रेडियसमधल्या एमडी५ वरचा ‘ब्लास्ट-रेडियस’ हल्ला २०२४ मध्ये समोर आला. म्हणून यांना टीएलएसच्या आत गुंडाळा. आणि काहीही करा, पण सगळ्यांना मिळून एक युजरनेम देऊ नका. त्याची किंमत बहुतेक वेळा सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर बसलेला माणूस मोजतो.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर नक्की पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!